मेलेल्यानं बोलायचं नाही

माझा आवाज चांगला आहे असं मला लहानपणापासून सगळे सांगत आले, आणि आयुष्यात जे काही वाईट मी केलं त्यातलं बरंचसं या आवाजानंच केलं. आवाज मूळचा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. अण्णा रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये बसून ते माइकवर बोलायला लागले की अख्खा स्टँड उठून उभा राहायचा. ‘पाली, साखरपा, मलकापूरमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी’ एवढे शब्द ते असे म्हणत, की ऐकणाऱ्याला आपण त्या गाडीत बसलो नाही तर काहीतरी मोठा गुन्हा होईल असं वाटावं. गाडी बहुतेक वेळा लागलेलीच नसायची. लोक पिशव्या घेऊन धावायचे, फलाटावर ताटकळायचे, आणि अण्णा दुसऱ्या गाडीची घोषणा करायचे. आवाज मोठा असला की तो खरा असावा लागत नाही, हे मी शाळेत जायच्या आधीच शिकलो होतो. फक्त शिकलोय हे मला माहीत नव्हतं.

घरी अण्णा फारसे बोलत नसत. नाचणे गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं छोटं कौलारू घर होतं, मागं दोन माड आणि एक फणस. त्या घरातले सगळे आवाज आईचे होते. सकाळी खवणीवर नारळ खवल्याचा कोरडा खरखर आवाज, मग तव्यावर घावनाचं पीठ पडलं की चर्र, मग दाराशी आलेल्या मासेवालीशी भांडण. ‘कालचे बांगडे आजचे म्हणून देतेस होय गो?’ मे महिन्यात अंगणभर कोकमं वाळत पडलेली असायची आणि शेजारी ताटांमध्ये आंबापोळीचे थर, त्यावर घोंघावणाऱ्या माश्यांना हाकलायचं काम माझं. अण्णा ड्युटीवरून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले, की हे सगळं बंद व्हायचं. अण्णा जेवत असताना कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. आमटीत मीठ नसलं तरी ते उठेपर्यंत आई गप्प, आणि तेही गप्प, आणि मीही गप्प. त्या गप्प बसण्याला आमच्या घरात शिस्त म्हणत. आई पदरानं वारा घेत कुळथाची पिठी वाढायची आणि मी समोर बसून मनातल्या मनात ठरवायचो, की मोठेपणी मीही असाच जेवीन. हसावं की थुंकावं कळत नाही, पण मी तसाच मुलगा होतो.

मारुती मंदिराजवळच्या एका गाळ्यात बाळूशेठचा सायबर कॅफे होता. बाळूशेठ म्हणजे बनियनवर उघडा शर्ट घालून गल्ल्यावर बसलेला, सदा घामेजलेला भला माणूस. त्याच्याकडे लोक मुंबईला मेल पाठवायला, रिझल्ट बघायला, नाहीतर स्थळांचे फोटो बघायला यायचे. मागच्या भिंतीला ओळीनं पाच मशीन होती, ती आमची. तिथं आम्ही तो बंदुकांचा खेळ खेळायचो. पाच जणांविरुद्ध पाच जण. एका बाजूनं बॉम्ब लावायचा आणि सांभाळायचा, दुसरीनं तो निकामी करायचा. एकदा गोळी लागून मेलात की तो डाव संपेपर्यंत बाहेर. सुरुवातीला आम्ही आपसातच मारामाऱ्या करायचो, पुढं इंटरनेटवरून कोल्हापूरच्या, पुण्याच्या कॅफेंशी मॅच लागू लागल्या. लाइन इतकी बारीक, की पुढच्या केबिनमध्ये कुणी फोटो उघडला तरी आमची माणसं जागच्या जागी थिजायची. मग बाळूशेठ गल्ल्यावरून ओरडायचा, ‘ए, कोण तो फोटो उघडतोय? मॅच चालू आहे मेल्यांनो! पोरगी बघायची ती उद्या बघा, पळून जात नाही ती!’

आम्ही पाच जण असे. मी. डॉक्टरांचा विन्या, ज्याच्याकडे स्वतःचा हेडफोन होता आणि तेवढ्यावर त्याला मान होता. सावंतांचे दोघे भाऊ, जे एकमेकांशिवाय पाणीही पीत नसत. आणि मिरकरवाड्याचा मुश्ताक. मुश्ताकचे अब्बा मच्छीमार लाँचवर तांडेल होते, म्हणजे लाँच चालवणारे, खलाशांचे मुख्य. मुश्ताक सडपातळ, दात थोडे पुढं, आणि तोंड अखंड चालू. खेळाच्या नकाशातल्या जागांना रत्नागिरीची नावं त्यानंच दिली. त्यातला पूल म्हणजे भाट्याचा पूल, चढाची गल्ली म्हणजे घाटी, पेट्या रचून ठेवलेली जागा म्हणजे जेटी. ‘भाट्यावरनं दोघं येतायत’ असं म्हटलं की आम्हाला क्षणात कळायचं, आणि पलीकडच्या पुण्याच्या पोरांना चुकून ऐकू गेलं तरी काही बोध व्हायचा नाही. आमच्या टीमची एकमेव चांगली गोष्ट ती होती आणि ती माझी नव्हती.

कॅप्टन मात्र मी होतो. कसा झालो? कुणी निवडलं नाही. एका मॅचमध्ये सगळे एकदम बोलत होते आणि मी अण्णांच्या आवाजात ‘गप्प बसा!’ म्हटलं. सगळे गप्प बसले. बस, एवढंच. पुढं मी खेळाआधी उभं राहून बेत सांगू लागलो, बोटांनी हवेत नकाशे काढू लागलो, डाव हरलो की कुणाचं चुकलं ते सांगू लागलो. माझं कधी चुकल्याचं मला आठवत नाही. माझे बेत चार-पाच होते आणि तेच मी फिरवून फिरवून सांगत असे. कोल्हापूरची पोरं ते दुसऱ्याच डावात ओळखायची. आम्ही जिंकायचो ते बेत मोडल्यावर, म्हणजे मुश्ताक मध्येच ‘ह्या बाजूला कोणी नाही, या सगळे’ म्हणायचा तेव्हा. जिंकल्यावर विन्या माझ्या पाठीवर थाप मारायचा, आणि मी ती घ्यायचो.

या खेळात मेलेला माणूस लगेच निघून जात नाही. डाव संपेपर्यंत तो जिवंत साथीदाराच्या डोळ्यांनी खेळ बघत बसतो. जिवंत माणूस जिकडं वळेल ते मेलेल्याच्या पडद्यावर दिसतं. शिवाय आपल्याला कुणी मारलं, तो कुठून आला, हे मेलेल्यालाच पक्कं माहीत असतं. खरी बातमी त्याच्याकडे. आता मेलेला गप्प बसेल तर तो मुश्ताक कसला? मेला की खुर्चीत मागं रेलायचा आणि सुरू व्हायचा. ‘कॅप्टन, तुझ्या मागनं अख्खी वरात गेली, बँडासकट. तू बघ समोर, बघ.’ सावंतांचा धाकटा हसून हसून मरायचा, म्हणजे खेळातही मरायचा. एकदा अशा हसण्यात माझा नेम चुकला आणि मी नियम काढला, मेलेल्यानं बोलायचं नाही. जो बोलेल त्यानं पुढच्या मॅचला बाहेर बसायचं आणि सगळ्यांसाठी नाक्यावरून वडापाव आणायचे. सगळ्यांना तो नियम पटला. ऐकायला तो फार छान होता. डोकं शांत राहतं, लक्ष एका जागी राहतं, असं मी पटवून दिलं होतं. खरं कारण मी आज लिहितो. मुश्ताकचं मेल्यानंतरचं बोलणं माझ्या जिवंतपणीच्या बोलण्यापेक्षा नेहमी बरोबर निघायचं, आणि ते चौघांच्या देखत निघायचं. ते मला सहन होत नव्हतं.

मुश्ताकनं नियम मोडला, शिक्षाही भोगली. वडापाव घेऊन यायचा आणि म्हणायचा, ‘घ्या, तुमच्या मयताचं जेवण.’ पण हळूहळू तो गप्प राहू लागला. मेला की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा, जणू तोंड हातांनी चालतं. आम्ही जास्त हरू लागलो. मी म्हटलं, शिस्त अंगात मुरायला वेळ लागतो.

परवा आमच्या कंपनीत एक बाई मुंबईहून आल्या होत्या, नेतृत्व शिकवायला. आम्हा सगळ्या साहेबलोकांना गोल उभं करून त्यांनी लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. धाग्याचं जाळं झालं की म्हणाल्या, ‘बघा, ही टीम!’ मग म्हणाल्या, ‘खरा लीडर आधी ऐकतो.’ पहिली टाळी मी वाजवली, कारण सगळ्यांत वरिष्ठ मी होतो आणि माझ्याआधी वाजवायची कुणाची छाती नव्हती. माझ्या हाताखालची ती पोरं-पोरी लोकर बोटांना गुंडाळून माझ्याकडे बघत होती आणि मी मान डोलावत होतो. असला तमाशा आता जागोजाग चालतो. गुंडे फेकून माणसं ऐकायला शिकली असती तर विणकाम करणाऱ्या बायकांनी केव्हाच राज्य केलं असतं.

माझी बारावी झाली त्या मे महिन्यात पुण्याच्या एका मोठ्या गेमिंग पार्लरनं स्पर्धा ठेवली. इंटरनेटवरून मॅच खेळायच्या, शेवटच्या चार टीमनी पुण्याला जायचं, आणि त्यातली चांगली पोरं त्यांच्या नव्या पार्लरमध्ये कामाला ठेवणार, असं कळलं. आम्हा चौघांना ती मौज होती. विन्या मेडिकलला जाणार होता, सावंतांची दोन लाकडाची दुकानं होती, माझ्यासाठी अण्णांनी बी.कॉम. ठरवून ठेवलं होतं. मुश्ताकचं तसं नव्हतं. त्याच्या मामूनं कुवेतला गॅरेजमध्ये त्याची सोय केली होती, व्हिसा यायच्या बेतात होता. मुश्ताकला जायचं नव्हतं. त्यानं अब्बांना अडवून अडवून एवढं कबूल करून घेतलं होतं, की पुण्याला निवड झाली तर कुवेत रद्द. तो हे कॅफेत हसत सांगायचा, ‘जिंकलो तर पुणं, हरलो तर उंट.’ पण मॅच जवळ आली तसा तो हसताना आमच्याकडं बघेनासा झाला. एकदा माझ्या घरी आला होता. आईनं त्याला फणसाची सांदणं वाढली, वर नारळाचा रस. खाता खाता आई म्हणाली, ‘काय रे, परदेशात जातोस म्हणे? आईला करमेल काय तुझ्या?’ तो म्हणाला, ‘नाय जात, काकी. तुमचा पोरगा जिंकून देणार हाय.’ आणि माझ्याकडं बघितलं. मी बशीतलं सांदण चमच्यानं मोडत होतो.

चारांत जाण्यासाठीची मॅच कोल्हापूरच्या टीमशी होती, रविवारी दुपारी. बाळूशेठनं पुढच्या सगळ्या केबिन बंद ठेवल्या होत्या. एका म्हाताऱ्या गुरुजींना मेल पाठवायची होती, त्यांना त्यानं हात जोडून कलिंगडाची फोड देऊन बाकावर बसवलं. वीज गेली तर म्हणून बाळूशेठ सारखा इन्व्हर्टरला कान लावून येत होता. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा झालेला, आत आमच्या माना घामानं चिकटलेल्या. डावामागून डाव गेले, बरोबरी झाली, आणि शेवटचा डाव उरला. बॉम्ब आम्ही लावायचा होता. मी बेत सांगितला तो नेहमीचाच, सगळ्यांनी घाटीतून चढायचं. मुश्ताक म्हणाला, ‘भाट्यावर एक तरी ठेवू या, मागनं येतील.’ मी म्हटलं, ‘कॅप्टन कोण आहे?’ तो म्हणाला, ‘तू.’ मग माझं न ऐकता तो एकटा पुलावर गेला. आम्ही घाटीतून चढलो, बॉम्ब जेटीवर लागला, पण चढताना विन्या गेला, मागोमाग सावंतांचे दोघं गेले, त्यांचेही तिघे पडले. पुलावर मुश्ताकनं त्यांचा एक टिपला आणि दुसऱ्यानं त्याला. त्यांचा तो एक उरला, आमच्यात मी उरलो. मला फक्त बॉम्ब फुटेपर्यंत जगायचं होतं. मी पेट्यांआड दबून घाटीकडं नेम धरून बसलो, कारण माझ्या बेताप्रमाणं तो घाटीतूनच यायला हवा होता.

आणि मुश्ताक बोलला. ओरडला नाही, अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाला, ‘मागे. भाट्यावरनं आलाय. मागे बघ.’

ह्याच्या पुढचं मी कुणालाही कधी सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला ती गेली तोपर्यंत नाही. मी ते ऐकलं. स्वच्छ ऐकलं आणि मला पटलंही. माझा हात माउसवर फिरला, मी मागं वळायला लागलो, पुलाचा कठडा पडद्यावर दिसायला लागला. आणि तेवढ्यात डोक्यात आलं, की आता मी वळून त्याला मारलं तर ही मॅच मुश्ताकच्या तोंडानं जिंकली जाईल. मेलेल्या मुश्ताकच्या. उद्या सगळे तेच म्हणतील, आणि माझा नियम मूर्खपणाचा होता हे बाळूशेठच्या बाकावरल्या त्या गुरुजींनासुद्धा कळेल. ह्याला विचार म्हणायचं की आणखी काय, मला ठाऊक नाही. पण ते स्पष्ट होतं, आणि ते माझं होतं. मी परत फिरलो. पुन्हा घाटीकडं नेम धरला. पाठीत गोळी बसली.

मग मी उठलो. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि अण्णांच्या आवाजात म्हणालो, ‘मेलेल्यानं बोलायचं नाही, हे कितीदा सांगितलंय? लक्ष गेलं माझं.’ विन्या म्हणाला, ‘काय रे मुश्ताक तू.’ सावंतांच्या थोरल्यानं मान हलवली, धाकट्यानं थोरल्याकडं बघून हलवली. बाळूशेठ गल्ल्यावरून एवढंच म्हणाला, ‘अरे, पण पोरगा बरोबर सांगत होता ना?’ मी म्हटलं, ‘शेठ, तुम्हाला खेळातलं कळत नाही.’ मुश्ताकनं माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होतो तो भांडेल म्हणून, माझी सगळी वाक्यं तयार होती. तो म्हणाला, ‘बरं.’ बाहेर गेला आणि वडापाव घेऊन आला. पिशवी टेबलावर ठेवली, आपली सायकल काढली आणि गेला. आम्ही चौघांनी ते वडापाव खाल्ले. मी दोन खाल्ले, एक त्याच्या वाटणीचा होता.

त्यानंतर मी मिरकरवाड्याकडं गेलोच नाही. आई विचारायची, ‘तो मुश्ताक कुठं दिसत नाही रे?’ मी म्हणायचो, कामात आहे. पाऊस सुरू व्हायच्या सुमारास एका दुपारी अण्णा ड्युटीवरून आले, पाटावर बसले आणि जेवताना बोलले. अण्णा जेवताना बोलले म्हणून आईचा हात भाताच्या पातेल्यात तसाच राहिला. म्हणाले, ‘तुझा तो मिरकरवाड्याचा दोस्त आज मुंबईच्या गाडीत बसला. घरची सगळी आली होती पोचवायला, बायका रडत होत्या. तू नव्हतास?’ मी म्हटलं, ‘डोकं दुखत होतं.’ अण्णांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि ताक मागितलं. त्या गाडीची घोषणा त्यांनीच केली असणार. चांगल्या आवाजात केली असणार.

मी पुढं बी.कॉम. झालो, पुण्यात नोकरीला लागलो, चढत गेलो. चढणं कठीण नव्हतं. मला जे येत होतं तेच तिथं हवं होतं. उभं राहून बेत सांगायचा, तो फसला की कुणाचं चुकलं ते सांगायचं. ज्यांचं काम बंद पडलंय त्यांनी बैठकीत बोलू नये, अशी माझी पद्धत आहे. ती मी कधी नियम म्हणून जाहीर केली नाही, तशी गरज पडली नाही. मुश्ताकची आठवण मात्र सुटली नाही. उन्हाळ्यात तिकडं पंचेचाळीस-पन्नास अंशांत माणसं पडतात अशी बातमी वाचली की मी त्या गॅरेजमध्ये त्याला उभा करायचो, तेलानं काळे हात, घशाला कोरड, आणि मनात म्हणायचो, हे मी केलं. असं म्हटलं की मला जरा बरं वाटायचं. आज लिहिताना लाज वाटते ती याचीच जास्त.

गेल्या वर्षी अण्णांच्या घराचं काम काढलं होतं म्हणून रत्नागिरीला गेलो. कौलं उतरवणारा माणूस मिरकरवाड्याचा, त्याच्याकडून कळलं, मुश्ताक केव्हाच परत आलाय, स्वतःची लाँच आहे, पोरगी कॉलेजला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेटीवर गेलो. लाँच लागल्या होत्या, बायका टोपल्या घेऊन लिलावाभोवती कोंडाळं करून उभ्या, बर्फाचं पाणी पायांखालून वाहतंय. त्याला मी ओळखलं ते दातांवरून. पोट सुटलेलं, दाढी पिकलेली. त्यानं मला लगेच ओळखलं. ‘अरे, कॅप्टन! मासळी घ्यायला आलास काय? पुणेरी भावानं मिळेल हां.’ मी हसलो. मग त्याला बर्फाच्या गाडीच्या आडोशाला घेऊन गेलो आणि इतकी वर्षं तयार केलेलं सगळं सांगितलं. की मी ऐकलं होतं. की मी वळलो होतो आणि मुद्दाम परत फिरलो. की तुझं पुणं मी घालवलं. माझा आवाज, लिहायला हरकत नाही, फार छान कातरत होता.

तो ऐकून घेत होता, पायानं एक मेलेला खेकडा बाजूला सारत. मग म्हणाला, ‘माहीत आहे मला.’

‘काय माहीत आहे?’

‘तू वळलास आणि परत फिरलास ते. तुझ्याच डोळ्यांनी बघत होतो की रे मी. चौघंही बघत होतो. विन्या, सावंतांचे दोघं. तू एकटा जिवंत होतास ना?’

मला हे माहीत नव्हतं असं नाही. हा खेळ मी वर्षानुवर्षं खेळलोय. पण मेलेल्यांना मी कधी मोजलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘मग कोणी बोललं का नाही?’

‘ते त्यांना विचार.’

‘आणि तू?’

‘मी कोणाला सांगू? ज्यांनी बघितलं त्यांनाच?’ त्यानं लाँचवरच्या खलाशाला हातानं थांब म्हणून खूण केली. ‘आणि तुझ्यामुळं कुवेतला गेलो असं वाटतंय काय तुला? अब्बा दुसऱ्याच दिवशी म्हणाले, एवढं मन नाय तर राह्य, पाऊस सरला की लाँचवर ये माझ्याबरोबर. मीच नाय म्हटलं. म्हटलं, रोज त्या नाक्यावरनं जायचं, रोज ती चार तोंडं बघायची, त्यापेक्षा उंट बरे. मी ठरवलं ते. तू नाय.’ मग तो हसला, पूर्वीसारखा नाही, तोंड मिटून. ‘सगळं आपणच केलं असं वाटायची खोड गेली नाय तुझी अजून.’

मी म्हटलं, ‘मला माफ कर.’ तो म्हणाला, ‘हुकूम आहे काय?’ आणि माझ्या हातात सुरमईची पिशवी देऊन म्हणाला, ‘चल घरी. जेवल्याशिवाय सोडणार नाय. अम्मी असती तर मलाच शिव्या दिल्या असत्या.’

त्याच्या घरी जेवलो. नवं घर आहे, वरच्या मजल्यावरून खाडीचं तोंड दिसतं. त्याच्या बायकोनं सुरमईचं सालन केलं होतं, नारळाचं, तांबडंलाल, आणि तांदळाच्या पातळ भाकऱ्या. मुश्ताक डिझेल, जाळी, पोरीचं कॉलेज, भाट्याच्या पुलावरची गर्दी यांविषयी भरभरून बोलत होता. मधूनमधून मलाही विचारत होता, पुण्यात घर कुठं, मुलं किती. एखाद्या चांगल्या वागणाऱ्या पाहुण्याला विचारावं तसं. मी भाकरी मोडत त्याच्या बायकोकडं बघत होतो. वाटत होतं, आता ही म्हणेल, तुम्हीच ते होय. मला ओळखलंच असणार तिनं. माणूस घरात ज्याचं नाव शिव्या देऊन घेतो, त्याचा चेहरा बायकांना न बघताही पाठ असतो. मी त्याची तयारी केली होती, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं.

भाभी सालनाचा चमचा घेऊन माझ्या ताटाशी आल्या आणि अगदी साध्या कौतुकानं म्हणाल्या, ‘हे म्हणाले, तुम्ही लहानपणचे दोस्त. एवढी वर्षं झाली लग्नाला, पण तुमचं नाव कधी ह्यांच्या तोंडून ऐकलं नाही.’

मी मुश्ताककडं बघितलं. तो माशाचा काटा काढत होता. म्हणाला, ‘वाढ त्याला अजून. लांबून आलाय.’